लहान विमानाचं इंधन हवेत का संपतं? विदर्भातले विद्यार्थी, पालक आणि गावकरी नेहमी विचारतात ते प्रश्न

विदर्भाच्या आकाशात लहान विमान दिसलं म्हणून आता कोणी डवरणी थांबवून वर बघत नाही. गोंदियाजवळचं बिरसी, चंद्रपूरजवळचं मोरवा, नागपूरचं सोनेगाव, अमरावतीचं बेलोरा, अकोल्याचं शिवणी अशा धावपट्ट्या आपल्याकडे आहेत आणि त्यांतल्या काहींवर शिकाऊ वैमानिक रोज उडतात. त्यांत आता आपल्या तालुक्यांतली मुलं-मुलीही आहेत. शिकणारे, त्यांच्यासाठी कर्ज काढणारे आईवडील आणि ज्यांच्या वावरात एखाद दिवशी असं विमान उतरू शकतं ते शेतकरी, या तिघांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. विषय एकच घेतला आहे: इंधनाचा हिशेब चुकल्यामुळे होणारे अपघात. विमानाच्या इतर बहुतेक अपघातांत काहीतरी अचानक घडतं. इथे तसं नसतं. टाकीत किती आहे, तासाला किती जळतं, जायचं किती लांब आहे, हे सगळं इंजिन सुरू करण्याआधीच कळू शकतं. म्हणूनच या अपघातात गेलेला जीव मनाला जास्त लागतो.

खरंच असं होतं का? टाकी न बघता कोणी विमान उडवेल?

होतं. अमेरिकेत लहान विमानांची संख्या प्रचंड आहे आणि तिथली तपास यंत्रणा, राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, प्रत्येक अपघाताची नोंद ठेवते. २०१७ मध्ये या मंडळाने वैमानिकांना खास इशारा दिला. २०११ ते २०१५ या काळात इंधनाच्या व्यवस्थापनातल्या चुकांमुळे तिथे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात झाले होते. त्यातले बहुतेक दिवसाउजेडी, चांगल्या हवेत झाले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: त्यातल्या जवळपास निम्म्या वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. विद्यार्थी-वैमानिक अगदी नगण्य, दोनएक टक्के.

याचं कारण माझ्या मते सरळ आहे. विद्यार्थ्याच्या हिशेबावर इन्स्ट्रक्टरची सही लागते, दुसऱ्या कोणाची तरी नजर फिरते. जुना झालेला माणूस मात्र 'या विमानाला एवढं पुरतं, माहीत आहे मला' म्हणत अंदाजपंचे निघतो. शंभरदा पुरतं आणि एकदा वारा समोरून येतो.

इंधन संपणं आणि इंधन असून इंजिन बंद पडणं, हे वेगळं आहे का?

वेगळं आहे. एकात टाक्या खरोखर कोरड्या पडतात. दुसऱ्यात टाकीत इंधन असतं पण ते इंजिनपर्यंत पोहोचत नाही. उजवी टाकी रिकामी झालेली असते, डावी अर्धी भरलेली असते आणि कॉक (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी तोटी) बदलायचा राहून जातो. सेसना आणि पायपर ही शिकवायला वापरली जाणारी लहान विमानं. सेसना १५२ मध्ये कॉक फक्त चालू किंवा बंद असतो. सेसना १७२ मध्ये डावी, उजवी आणि दोन्ही असे पर्याय असतात. पायपरच्या खाली पंख असलेल्या विमानांत 'दोन्ही' हा पर्याय नसतो, ठरावीक वेळाने टाकी बदलावीच लागते. सेसनावर शिकलेला मुलगा पायपरवर गेला की इथे हमखास चुकतो. इंधनात पाणी आलं तरी इंजिन तसंच बंद पडतं, म्हणून सकाळी टाकीच्या तळातून पारदर्शक भांड्यात नमुना काढून बघायचा असतो. पाणी जड असल्याने तळाशी वेगळं दिसतं. लहान पेट्रोल इंजिनांचं इंधन, एव्हीगॅस, मुद्दाम निळसर रंगाचं केलेलं असतं. भांड्यात सगळंच रंगहीन दिसलं तर ते पाणी असेल किंवा चुकून भरलेलं जेट इंधन असेल. दोन्ही वेळी उड्डाण तिथेच थांबवायचं.

पण आत काटा असतो ना? तो बघून कळत नाही?

काट्यावर विसंबून कोणी लांब जाऊ नये. जुन्या सेसनात टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवर काटा चालतो. वळण घेतलं, हवेत धक्का बसला की तो हलतो, आणि दोन काट्यांपैकी एखादा कित्येकदा कायमचा एकाच जागी बसलेला असतो.

खरं मोजमाप डिपस्टिकचं, म्हणजे खुणा केलेल्या मोजकाठीचं. सेसनाचे पंख वर असतात, म्हणून पायरीवर चढायचं किंवा शिडी लावायची, झाकण काढायचं, काठी सरळ तळापर्यंत सोडायची आणि बाहेर काढून ओल कुठवर आली ते वाचायचं. मे महिन्यात दुपारी हे झटपट करावं लागतं. एव्हीगॅस इतक्या भरकन उडतं की काठी डोळ्यांसमोर वाळते आणि खूण नाहीशी होते. मग पुन्हा बुडवा. दोन्ही टाक्या बघा. विमान सपाट जागी उभं आहे ना ते बघा, कारण एका बाजूला उतार असेल तर दोन्ही आकडे खोटे येतात. काठी त्याच विमानाची हवी, दुसऱ्या विमानाची चालत नाही. आणि झाकण बसवताना त्याचं रबर तुटलेलं नाही ना, झाकण नीट अडकलं ना, हे हाताने दाबून बघा. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सैल झाकणातून इंधन बाहेर ओढलं जातं. वैमानिकाला मागे वळून ते दिसेलच असं नाही.

हे काम हेल्परवर सोपवू नये. इंधन भरणारा माणूस कितीही विश्वासाचा असला तरी काठी स्वतः बुडवायची. माझा यावर फार जोर आहे, कारण इथून पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा असतो.

हिशेब नेमका कसा करतात? आपल्या भागातलं उदाहरण द्या.

गोंदिया ते अकोला आणि परत, असा प्रवास धरू. बिरसी ते शिवणी सरळ रेषेत साधारण ३४५ किलोमीटर, वैमानिकी भाषेत १८७ नॉटिकल मैल. विमान सेसना १५२. तिच्या टाक्यांत एकूण ९८ लिटर मावतं, पण त्यातलं पाच-सहा लिटर तळाशी राहतं आणि इंजिनला मिळत नाही. म्हणजे वापरता येणारं ९२ लिटर. तासाला २३ लिटर जळतं आणि वेग ९५ नॉट, म्हणजे तासाला ९५ नॉटिकल मैल, असं धरू. हे आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत. आपल्या विमानाचे आकडे त्याच्या हँडबुकातून आणि लॉगमधून घ्यायचे.

आता घाईतला माणूस कसा विचार करतो बघा. ९२ भागिले २३, चार तास. जाऊन-येऊन ३७४ मैल, भागिले ९५, तीन तास छप्पन्न मिनिटं. बसलं! अकोल्यात एव्हीगॅस मिळेल की नाही हे फोन करून विचारायची गरजच नाही.

या हिशेबात चार गोष्टी गळाल्या आहेत. पहिली, इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं, तपासणी आणि वर चढणं यात जास्तीचं इंधन जातं. दोन्ही ठिकाणचं मिळून आठ लिटर धरा. उरलं ८४ लिटर, म्हणजे तीन तास एकोणचाळीस मिनिटं. पहिल्याच पायरीवर हिशेब तुटीत गेला.

दुसरी गोष्ट वारा. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडून असतो. तो २० नॉटचा धरला तर जाताना जमिनीवरचा वेग ७५ उरतो आणि अकोला गाठायला अडीच तास लागतात. येताना वेग ११५ होतो, परतीला एक तास अडतीस मिनिटं. एकूण चार तास आठ मिनिटं. 'जाताना खाल्लेलं येताना मिळतं' असं पुष्कळांना वाटतं. ते मिळत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि मागच्या वाऱ्यात कमी वेळ.

मग हे विमान कुठवर येईल? अकोला गाठेपर्यंत अडीच तास गेले. उरले एक तास नऊ मिनिटं. परतताना तासाभराने नागपूर उजव्या हाताला, दहा-पंधरा किलोमीटरवर दिसतं. लांबच लांब धावपट्टी, अग्निशमन, दवाखाना सगळं तिथे. त्या क्षणी टाकीत नऊ मिनिटं उरलेली आहेत. हिशेब न ठेवणाऱ्याला ते माहीत नसतं. तो सरळ पुढे जातो आणि रामटेक ते मौदा यांच्या मधे कुठेतरी, गोंदिया अजून शंभर किलोमीटर असताना, इंजिन फुरफुरतं आणि थांबतं.

तिसरी गोष्ट राखीव इंधन, त्याबद्दल पुढे सांगतो. चौथी अडीअडचणीची भर, म्हणजे वाटेत उशीर झाला तर लागणारं जास्तीचं इंधन. ९२ मधून सुरुवातीचे आठ, अर्ध्या तासाचं राखीव साडेअकरा आणि अडचणीसाठी सात-आठ लिटर वजा केले की ६५ लिटर उरतं. म्हणजे दोन तास पन्नास मिनिटं. समोरच्या वाऱ्यात गोंदिया ते अकोला एवढंच त्यात बसतं. परत यायचं तर अकोल्यात टाकी भरावी लागेल. तिथे एव्हीगॅस नसेल तर या विमानाने हा प्रवास असा करायचाच नाही, नागपूरला थांबा घेऊन आखायचा.

प्रत्येक धावपट्टीवर इंधन मिळत नाही का?

नाही, आणि ही आपल्या भागातली मोठी अडचण आहे. मोठ्या विमानांचं जेट इंधन बऱ्याच ठिकाणी मिळतं. एव्हीगॅस मोजक्याच ठिकाणी असतं. २०२२ पर्यंत ते देशात परदेशातून येत होतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत केलेलं देशी एव्हीगॅस बाजारात आणलं. तरी गावोगावच्या पट्टीवर पंप आहे असं समजू नका. निघण्याच्या दिवशी फोन करा. आहे का, एवढंच विचारून चालत नाही. किती वाजता, कोण भरून देणार, पैसे कसे घेणार, हेही विचारा. रविवारी दुपारी कुलूप असलेल्या पंपापुढे उभा राहिलेला वैमानिक 'जाऊ तसंच' असा निर्णय घेतो, आणि तोच निर्णय त्याला महागात पडतो.

राखीव इंधन म्हणजे मोटरसायकलच्या रिझर्व्हसारखंच ना?

मोटरसायकल रिझर्व्हला लागली की पुढचा पंप शोधायला आपण तेच पेट्रोल वापरतो. विमानाचं राखीव इंधन वापरायच्या योजनेत धरायचंच नसतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार लहान विमानाने दिवसा, डोळ्यांनी बघत उडताना मुक्कामी पोहोचल्यावरही निदान ३० मिनिटांचं इंधन शिल्लक असलं पाहिजे, रात्री ४५ मिनिटांचं. हे किमान आहे. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी धानाच्या पट्ट्यात धुकं बसतं, एप्रिल-मेमध्ये तासाभरात अवकाळी ढग उभे राहतात, नागपूरला मोठ्या विमानांसाठी लहानांना थांबवून ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे की शिकणाऱ्याने दिवसासुद्धा पूर्ण एक तासाचं राखावं.

मग टाकी नेहमी काठोकाठ का भरत नाहीत?

वजनामुळे. सेसना १५२ चं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो आणि रिकाम्या विमानाचंच पाचशेच्या वर. एव्हीगॅस लिटरला ०.७२ किलो भरतं, म्हणजे पूर्ण टाक्या सुमारे ७० किलो. दोन धिप्पाड माणसं बसली की काहीतरी कमी करावं लागतं आणि कमी होतं ते इंधनच.

त्यात विदर्भाचं ऊन. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर आहे, पण पारा ४५ ला टेकला की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख सुमारे ५,००० फुटांवर असल्यासारखे वागतात. विमान धावपट्टीवर जास्त पळतं आणि रडतखडत चढतं. मग हलकं निघायचा मोह होतो. हलकं जरूर निघा, पण मग मुक्काम जवळचा ठेवा, किंवा पहाटे निघा. इंधन कमी आणि अंतर तेवढंच, असं चालत नाही.

लिटर, गॅलन, किलो यांचा घोळ खरंच एवढा धोकादायक आहे?

२३ जुलै १९८३ ला कॅनडात एअर कॅनडाचं बोइंग ७६७ भर आकाशात, ४१,००० फुटांवर कोरडं पडलं. हवं होतं २२,३०० किलो. हिशेबात लिटरचं वजन किलोऐवजी पौंडांत धरलं गेलं आणि निम्म्याहून कमी इंधनावर विमान निघालं. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ जणांपैकी कोणीही दगावलं नाही. लहान विमानांची जुनी पुस्तकं अमेरिकी गॅलनमध्ये असतात (एक गॅलन ३.७८५ लिटर), ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचं, आणि आपला पंप लिटरमध्ये देतो. वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा.

उडत असताना कमी पडेल असं वाटलं तर?

असं वाटण्याची वाट बघायची नाही. दर अर्ध्या तासाला वहीत तीन आकडे लिहायचे: किती जळलं, किती उरलं, पुढच्या खुणेला किती वाजता पोहोचलो. ठरवलेल्या वेळेपेक्षा पहिल्याच खुणेला सात मिनिटं उशीर झाला तर वारा अंदाजापेक्षा जास्त आहे, पुन्हा हिशेब करा. आणि निघण्याआधीच नकाशावर एक जागा ठरवून ठेवा: इथवर अमुक लिटर नसेल तर पुढे जायचं नाही.

कमी आहे हे दिसलं तर तोंडाने सांगा. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे ठरलेल्या ठिकाणी उतरेपर्यंत आता आणखी उशीर चालणार नाही. राखीवही खाल्लं जाणार असं दिसलं की आणीबाणी जाहीर करायला तीनदा 'मेडे' म्हणून 'फ्युएल' म्हणायचं. आढेवेढे घ्यायचे नाहीत. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी 'प्राधान्य द्या' म्हटलं, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. विमान कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. २८ नोव्हेंबर २०१६ ला कोलंबियात लामिया कंपनीच्या विमानात ७१ जण गेले. त्याच्या उड्डाण आराखड्यात प्रवासाला लागणारा वेळ चार तास बावीस मिनिटं होता आणि इंधन पुरण्याचा वेळही तेवढाच. कागदावर दोन सारखे आकडे शेजारी शेजारी होते.

आपल्या मुलांना इंग्रजीतून एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रकांशी) बोलायचं दडपण असतं, चूक कबूल करायची लाज वाटते, इन्स्ट्रक्टर रागावेल याची भीती असते. त्यांना सांगायचं आहे: नंतर रागावतील, रागावू द्या. आधी बोला.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं का?

नाही. ते तरंगतं. सेसना १५२ जमिनीपासून २,००० फुटांवर असेल तर ६० नॉटचा वेग सांभाळून साधारण पाच किलोमीटर जाऊ शकते. हाताशी तीनेक मिनिटं मिळतात. जीव जातात ते बहुतेकदा पुढच्या चुकीने: 'अजून थोडं' म्हणून नाक वर ओढलं जातं, वेग मरतो आणि विमान गिरकी घेत कोसळतं. नाक खाली, वेग कायम, आणि शेवटपर्यंत विमान ताब्यात, हे जमलं तर उतरताना विमान मोडलं तरी माणसं बहुधा वाचतात.

विदर्भात कुठलं वावर उतरायला बरं?

हे मोसमावर आहे, आणि शहरातल्या मुलाला वरून ते ओळखता येत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला येतं. मार्च-एप्रिलमध्ये गहू-हरभरा काढलेलं रान सगळ्यात चांगलं, सपाट आणि कडक. अमरावती, वाशीम, यवतमाळकडे सोयाबीन निघाल्यावर वावर मोकळं दिसतं, पण मधे तुरीच्या ओळी उभ्या असतात. उतरायचं तर ओळींच्या दिशेनेच. पऱ्हाटी (कपाशी) वरून मऊ दिसते. प्रत्यक्षात छातीएवढी लाकडी झुडपं असतात. दुसरं काही नसेल तर तासांच्या, म्हणजे पिकाच्या ओळींच्या, दिशेने उतरता येतं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या लहान आणि प्रत्येकीला पाळ. पुढचं चाक पाळीला अडकलं की विमान पालथं होतं, म्हणून लांबट बांधी निवडून सगळ्यात कमी वेगाने टेकायचं. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुततं आणि तेच होतं. उन्हाळ्यात वैनगंगेचं किंवा वर्धेचं कोरडं पात्र सुंदर धावपट्टी वाटते, पण सैल रेती चाक धरून ठेवते. वरुड-मोर्शीच्या संत्राबागा आणि नागझिरा-नवेगावचं जंगल यांबद्दल बोलायला नको, तिथून जाताना उंची जास्त ठेवायची.

आणि तारा! कृषिपंपांच्या तारा वरून दिसतच नाहीत. खांब शोधायचे, खांबाच्या रांगेत तार आहेच असं धरायचं. रस्त्यावर उतरायचा मोह याच कारणाने टाळावा, रस्ता आला की तारा आल्या. टेकण्याआधी इंधनाचा कॉक बंद, वीज बंद, दार थोडं उघडं, पट्टे घट्ट.

आमच्या वावरात विमान उतरलं किंवा पडलं तर आधी काय करायचं?

११२ ला फोन करा, जखमी असतील तर १०८ ला. गाव, शिवार, गट नंबर आणि कुठल्या पांदण रस्त्याने यायचं ते सांगा. मोबाइलवरून लोकेशन पाठवता आलं तर उत्तम. एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा, नाहीतर रुग्णवाहिका शेजारच्या गावात फिरत राहते.

विमानाकडे समोरून जाऊ नका. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) थांबलेला असला तरी त्याला हात लावू नका. या इंजिनांना ठिणगी पाडणारा मॅग्नेटो असतो, बॅटरी बंद असली तरी चालतो, आणि स्विच चालू राहिला असेल तर पंखा हाताने थोडा फिरवला तरी इंजिन एक झटका मारू शकतं. तेवढा झटका हात तोडायला पुरेसा आहे. बाजूने, पंखाच्या मागच्या अंगाने जा. काही विमानांत अख्खं विमान तोलणारी मोठी हवाई छत्री रॉकेटने उडते. अंगावर तसा इशारा लिहिलेला दिसला आणि ती उडालेली नसेल तर त्या भागापासून लांब राहा.

विमानाला आग लागलेली नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मानेला किंवा मणक्याला मार असू शकतो. बोलत राहा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, पाणी पाजू नका. विमान पालथं असेल तर माणूस पट्ट्याला लटकलेला असतो. आग असेल आणि काढावंच लागलं, तर आधी दोघांनी खालून आधार द्या, मग पट्टा सोडवा. आधार न देता सोडवला तर तो डोक्यावर आदळतो.

इंधन संपलं म्हणूनच पडलं, मग आग कशी लागेल?

लागू शकते. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते, तळाशी चार-दोन लिटर असतं, आणि शिवाय ते इंधन संपल्यामुळेच पडलं हे तुम्हाला त्या वेळी माहीत नसतं. विडी-सिगारेट बंद, गर्दी शंभर मीटर लांब. एव्हीगॅसमध्ये शिसं असतं. ते सांडलेल्या जागचा चारा गुरांना घालू नका आणि जवळ विहीर असेल तर अधिकाऱ्यांच्या ध्यानात आणून द्या.

विमान ट्रॅक्टरने ओढून बाजूला काढलं तर चालेल का? पेरणी खोळंबते.

चालणार नाही. माणसं किंवा जनावरं सोडवायला, आग विझवायला हात लावता येतो, त्यापलीकडे परवानगीशिवाय काही हलवू नये. गंभीर अपघातांचा तपास नागरी उड्डाण मंत्रालयाअंतर्गत विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. इंधन होतं की नव्हतं हे त्यांना बारीकसारीक खुणांवरून कळतं: पंख्याची पाती सरळ राहिली की वाकली, कॉक कुठल्या टाकीवर आहे, झाकण बसलेलं आहे का, आजूबाजूचं पीक इंधनाने करपलं का. कोणी भल्या हेतूने कॉक फिरवला तरी पुरावा गेला. तुटलेला तुकडा घरी नेऊ नका. तुम्ही ऐकलं ते मात्र सांगा. इंजिनचा आवाज येत होता का, अडखळत होता का, एकदम थांबला का, ही माहिती तपासात फार मोलाची असते.

पिकाच्या नुकसानीसाठी तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या आणि गर्दी शिरण्याआधी चारही धुऱ्यांवरून फोटो काढा. विमानापेक्षा बघ्यांनीच जास्त पीक तुडवलेलं असतं, तेही पंचनाम्यात यायला हवं.

तपासात वैमानिक दोषी ठरतो का?

या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांतच तसं लिहिलेलं आहे. पोलीस किंवा परवाना देणारी यंत्रणा वेगळी कारवाई करू शकते, तो स्वतंत्र भाग.

आम्ही पालक. प्रशिक्षण संस्थेत इंधनाबद्दल काय विचारावं?

फीबद्दल विचारताच, हेही विचारा: सोलोला (एकट्याने उडायला) पाठवताना टाकीत किमान किती इंधन पाहिजे असा लेखी नियम आहे का? डिपस्टिक प्रत्येक विमानात आहे का? तुम्हाला विमानापर्यंत नेलं तर ती दाखवायला सांगा. बिघडलेला काटा किती दिवसांत दुरुस्त होतो? आणि मुलाने इंधनाच्या कारणाने उड्डाण रद्द केलं तर त्या तासाचे पैसे कापतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, प्रत्येक तास महाग आहे, आणि रद्द करण्याला दंड असेल तर मुलं रद्द करत नाहीत.

मधेच कुठे उतरावं लागलं आणि रात्र झाली तर मुलाने काय करायचं?

उतरून आधी संस्थेला फोन, मग घरी. विमान वाऱ्याकडे तोंड करून दोरांनी बांधायचं, चाकांना ओट (अडसर) लावायची, पंखाच्या झाकणांना कुलूप असेल तर घालायचं. पाकिटात एका मुक्कामापुरते पैसे आणि फोनचा चार्जर प्रत्येक क्रॉस कंट्रीला (दुसऱ्या गावाच्या लांब उड्डाणाला) सोबत हवा, हे पालकांनी आधीच देऊन ठेवावं. सकाळी इंधन भरायचं, पुन्हा डिपस्टिक बुडवायची, वाऱ्याचा ताजा आकडा घ्यायचा आणि पहिल्या ओळीपासून हिशेब नव्याने मांडायचा. कालचा कागद वापरायचा नाही.